शर्यतीची रंगत आणि इंजिनाचें माप

पुण्याहून सोलापूरच्या वाटेस लागलें म्हणजे भिगवण मागें पडल्यावर थोड्याच वेळांत डाळज येतें. डाव्या हातास उजनीचा जलाशय पसरलेला असतो. १९८० च्या सुमारास धरण पुरें झालें आणि भीमेकांठचे मळे, देवळें, कित्येक वस्त्या त्या पाण्याखालीं गेल्या. आतां हिवाळ्यांत तेथें रोहित पक्षी उतरतात आणि त्यांना पाहावयास पुण्या-मुंबईचीं माणसें येतात. या पाण्याच्या सोबतीनें तो मोठा रस्ता रात्रंदिवस वाहत असतो. आमचें घर रस्त्यापासून हांकेच्या अंतरावर असल्यामुळें, आवाजावरून गाडी ओळखण्याची विद्या आम्हां मुलांस मुळाक्षरांबरोबरच आली. माझ्या कॉलेजच्या दिवसांत, म्हणजे १९८८-८९ च्या सुमारास, राजदूत ३५० चा घुमारा निराळा आणि यामाहा आरएक्स १०० ची ती झणझणीत किणकिण निराळी. अंथरुणांत पडल्या पडल्या आम्ही सांगत असूं कीं कोणती फटफटी गेली.

ही जुनी आठवण निघण्यास कारण झालें तें असें. दिवाळींत गांवीं गेलों असतां रस्त्यावरील चहाच्या दुकानीं माझा पुतण्या आणि त्याचे मित्र तावातावानें वाद घालीत बसले होते. पुतण्या चाकणच्या एका कारखान्यांत कामास आहे. मोटारसायकल हा त्याचा धंदाहि आहे आणि छंदहि. मला पाहतांच तो म्हणाला, "काका, तुम्हीच सांगा. २०२७ पासून इंजिन लहान करणार आहेत. मग शर्यतींत बघायचं काय राहिलं?" आणि लगेच दुसऱ्यानें विचारलें, "सर, याचा काही इतिहास असतो का हो?"

प्रश्न थट्टेनें विचारलेला होता. पण इतिहासाच्या शिक्षकास असा प्रश्न विचारूं नये, तो तो खरा समजतो. सुटींतले उरलेले दिवस मीं या शोधांत घालविले, आणि त्यांत जें हातीं लागलें तें येथें मांडीत आहें.

प्रथम पुतण्याचें गाऱ्हाणें नीट समजून घेतलें पाहिजे. मोटोजीपी या नांवानें मोटारसायकलींच्या जगज्जेतेपदाची जी मालिका चालते, तिचे नवे नियम २०२४ च्या मे महिन्यांत जाहीर झाले. त्यांप्रमाणें २०२७ च्या हंगामापासून इंजिनाचें माप १००० सीसीवरून ८५० सीसीवर यावयाचें आहे. टांकींतलें इंधन २२ लिटरांवरून २० लिटरांवर यावयाचें आहे. धांवत्या गाडीची उंची खालींवर करणाऱ्या युक्त्या अजिबात बंद आणि वारा कापणारे पंख आखूड व्हावयाचे आहेत. सीसी म्हणजे काय, हें ज्यांस ठाऊक नसेल त्यांच्यासाठीं सांगतों: सिलिंडरांतला पिस्टन एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत जातांना जेवढी पोकळी झाडून काढतो, तिचें हें घनमाप. पोकळी मोठी तर तींत हवा व इंधन अधिक, आणि म्हणून जोर अधिक. यावरून सामान्य माणूस असें गणित करतो कीं माप लहान झालें म्हणजे वेग कमी, आणि वेग कमी म्हणजे रंगत कमी. या गणिताची पहिली पायरी पुष्कळशी खरी आहे. दुसरी खरी आहे कीं नाहीं हाच प्रश्न आहे.

वेग आणि रंगत या एक वस्तु नव्हेत, हें आमच्या बैलगाड्यांच्या शर्यती पाहणाऱ्यास सांगावें लागत नाहीं. पुणें जिल्ह्याच्या उत्तर भागांत, खेड-आंबेगांव-जुन्नरकडे, घाटांत एक एक गाडा सुटतो. पुढें घोडी, मागें बैल, आणि बारी किती सेकंदांत झाली हें घड्याळ सांगतें. सातारा-सांगलीकडे अनेक छकडे एकाच वेळीं शेजारीं शेजारीं सुटतात आणि कोण पुढें आला तें डोळ्यांना दिसतें. पहिल्या प्रकारांत लोक वेगाचें कौतुक करतात. दुसऱ्यांत श्वास रोखतात. याहि शर्यतींवर नियमांचा फेरा येऊन गेला. २०१४ च्या मे महिन्यांत सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानें त्या बंद पडल्या, महाराष्ट्र सरकारनें २०१७ सालीं कायद्यांत दुरुस्ती केली, २०२१ च्या डिसेंबरांत परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजीं घटनापीठानें तो कायदा ग्राह्य ठरविला. काठी-पराणी वर्ज्य झाली म्हणून शर्यतीस जाणारी गर्दी ओसरली असें मला कोठें दिसलें नाहीं. मोटारसायकलींच्या शर्यतीहि याच दोन जातींच्या आहेत. कधीं त्या छकड्यांसारख्या अटीतटीच्या होतात, तर कधीं नुसतें घड्याळ पाहण्याची पाळी येते. आणि यांपैकीं कोणती गत व्हावयाची हें पुष्कळदां नियम ठरवितो.

मोटारसायकलींच्या शर्यतींत नियम मागाहून आला असा माझा समज होता. तो चुकीचा ठरला. १९०७ सालीं आइल ऑफ मॅन या बेटावर पहिली टूरिस्ट ट्रॉफी शर्यत झाली. इंग्लंडच्या रस्त्यांवर ताशीं वीस मैलांची मर्यादा होती. या बेटावर मात्र कायद्यानें रस्ते बंद करून शर्यत घेतां येत असे. त्या पहिल्याच शर्यतींत इंजिनाच्या मापावर बंधन नव्हतें, बंधन होतें तें इंधनावर. एका सिलिंडरच्या गाडीनें एका गॅलनांत ९० मैल गेलें पाहिजे आणि दोन सिलिंडरांच्या गाडीनें ७५. एका सिलिंडरांत चार्ली कॉलियर मॅचलेसवर जिंकला, दोन सिलिंडरांत रेम फाउलर नॉर्टनवर. दोन वर्षांनीं इंधनाचा नियम गेला आणि मापाचा आला: एका सिलिंडरास ५०० सीसी, अधिक सिलिंडर असल्यास ७५०. अधिक सिलिंडरवाले भारी पडूं लागले तसे १९१० सालीं त्यांचे ७५० चे ६७० झाले, १९११ सालीं ५८५ झाले, आणि १९१२ सालीं सर्वांना सारखेच ५००. मुलांचे खेळ लावतांना मोठ्या पोरास एक पाय बांधून पळावयास लावतात, तसाच हा प्रकार. पोरगें त्या पायानेंच पळावयास शिकलें कीं दोरी आणखी आंवळावयाची.

दुसऱ्या महायुद्धाच्या आधीं सिलिंडरांत पंख्यानें हवा कोंबण्याची युक्ति, म्हणजे सुपरचार्जर, शर्यतींत शिरली होती. इटलीच्या जिलेरा कंपनीची तसली चार सिलिंडरांची गाडी १९३९ सालीं युरोपचें अजिंक्यपद घेऊन गेली. युद्ध संपल्यावर १९४६ सालीं या युक्तीवर बंदी आली. एजेएस कंपनीनें तिच्याच भरवशावर एक इंजिन आंखलें होतें. त्यावरच्या कांटेरी पाख्यांमुळें लोक त्या गाडीस पॉर्क्युपाइन, म्हणजे साळिंदर, म्हणत. पंखा गेला आणि पंख्यासाठीं आडवे निजविलेले सिलिंडर मात्र राहिले. त्या अडचणीच्या गाडीवर लेस्ली ग्रॅहमनें १९४९ सालीं पहिल्या जागतिक मालिकेंत ५०० सीसीचें अजिंक्यपद मिळविलें. पुढच्या वर्षीं जिलेराच्या चार सिलिंडरांशीं नॉर्टनचा एकुलता एक सिलिंडर असा भिडला कीं उंबेर्तो मासेत्तीला जेफ ड्यूकवर केवळ एका गुणानें मात करतां आली. आणि १९५१ सालीं ड्यूकनें तें पद हिसकून घेतलें. नॉर्टनचें इंजिन जुन्या वळणाचें, पण तिची चौकट नवी व वळणावर निश्चल. बंदीनें जोराची किंमत उतरली तशी चौकटीची आणि स्वाराच्या हाताची चढली. ही मौज किती टिकली? १९५३ सालीं खुद्द ड्यूकच जिलेराकडे गेला आणि सलग तीन वर्षें जिंकला. नियमानें आलेली बरोबरी ही उधारीची बरोबरी असते. ज्याच्याजवळ पैसा आणि कसबी माणसें अधिक, तो नव्या नियमाचें कोडेंहि लौकर सोडवितो.

साठाच्या दशकांत जपानी कारखान्यांनीं तर कमाल केली. होंडानें १२५ सीसीचे पांच सिलिंडर पाडले आणि २५० चे सहा. सुझुकीच्या ५० सीसीच्या गाडीस चौदा गिअर होते. इवल्याशा यंत्राचा जोर इतक्या अरुंद टापूंत येई कीं स्वारास सारखा गिअर बदलीत राहावें लागे. घड्याळजीच्या दुकानांतली ही नजाकत इतरांस परवडेना. मग १९६९ पासून ५० सीसीस एक सिलिंडर व सहा गिअर ठरले आणि पाठोपाठ वरच्या वर्गांवरहि तशीच बंधनें आलीं. होंडानें १९६८ च्या आरंभींच अंग काढून घेतलें. परिणाम दुहेरी झाला. खालच्या वर्गांत स्पेनच्या डर्बीसारख्या लहान कंपनीस वाव मिळाला आणि १९६९ सालीं आंखेल निएतो ५० सीसीचा विजेता झाला. वरच्या वर्गांत मात्र होंडा गेल्यावर जियाकोमो आगोस्तिनी व त्याची एमव्ही आगुस्ता यांना कोणी प्रतिस्पर्धीच उरला नाहीं. १९६८ सालीं ५०० सीसीच्या दहा शर्यती झाल्या आणि दहाहि त्यानें जिंकल्या. स्वार थोर, यांत शंका नाहीं. पण अशा शर्यतीस माणूस दुसऱ्यांदा कशास जाईल?

यानंतरचा काळ टू-स्ट्रोक इंजिनांचा. टू-स्ट्रोकमध्यें प्रत्येक फेऱ्यास एकदां स्फोट होतो, फोर-स्ट्रोकमध्यें दोन फेऱ्यांत एकदां. नियमाच्या पुस्तकांत दोघांचे ५०० सीसी सारखेच. म्हणजे कागदावरच्या समतेनें एकास दुप्पट संधि दिली. १९७५ पासून २००१ पर्यंत या वर्गाचें अजिंक्यपद टू-स्ट्रोककडेच राहिलें. होंडानें १९७९ सालीं फोर-स्ट्रोकचा हट्ट धरून लंबगोल पिस्टनांचें, एकेका सिलिंडरास आठ झडपा असलेलें इंजिन उतरविलें. चारांहून अधिक सिलिंडर चालत नाहींत ना, मग चारांतच आठांचें काम करूं, असा तो डाव. तो फसला, आणि त्याच होंडानें टू-स्ट्रोक बांधून फ्रेडी स्पेन्सरकडून १९८३ चें पद मिळविलें. आमच्याकडे टू-स्ट्रोक मेलें तें शर्यतीच्या नियमानें नव्हे, धुराच्या. आरएक्स १०० १९९६ पर्यंत निघत होती. १९९६ चे व २००० चे धुराचे नियम आले आणि डाळजच्या रस्त्यावरचा तो आवाज हळूहळू विरळ झाला. मला त्याची हळहळ वाटते, पण फुप्फुसांच्या बाजूनें मत द्यावयाचें तर मी नियमालाच देईन.

आतां मुख्य प्रकरणाकडे येतों, कारण पुतण्याच्या शंकेचें उत्तर येथें आहे. २००२ सालीं नियम बदलून ५०० सीसीच्या टू-स्ट्रोकांसमोर ९९० सीसीच्या फोर-स्ट्रोकांस सोडलें. त्या वर्षीं सोळा शर्यती झाल्या. सोळाहि फोर-स्ट्रोकनें जिंकल्या. तरीहि तीं वर्षें रंगतदार गेलीं, कारण त्या इंजिनांत टायरांस पेलवेल त्याहून अधिक जोर होता. मागचें चाक घसरे, स्वार तें हातानें आणि मनगटानें सांवरी. सरळ रस्त्यावर प्रचंड वेग आणि वळणापूर्वीं दीर्घ ब्रेक, म्हणून मागच्यास पुढें घुसावयास जागा. पण २००३ च्या एप्रिलमध्यें सुझुका येथील अपघातांत दाइजिरो काटो हा तरुण स्वार गेला. वेग आंवरला पाहिजे हें म्हणणें तेव्हां कोणासहि खोडून काढतां येण्यासारखें नव्हतें. शेवटीं २००७ पासून माप ८०० सीसी झालें आणि टांकींत २१ लिटर.

हेतु चांगला होता. फळ उफराटें मिळालें. सरळ रस्त्यावरचा वेग थोडा उतरला, परंतु पहिल्याच हंगामांत कित्येक ट्रॅकांवर ८०० च्या गाड्यांनीं ९९० चे विक्रम मोडले. कारण साधें आहे. लहान इंजिनास खालच्या फेऱ्यांत जोर नसतो. एकदां वेग गेला तर तो परत मिळवावयास वेळ लागतो. म्हणून वळणावर वेग सोडावयाचाच नाहीं, अशी स्वारी सुरू झाली. वळणावर वेग राखावयाचा तर वाट एकच, रुंद व गुळगुळीत. ज्या वाटेनें पुढचा गेला त्याच वाटेनें मागचा. ब्रेकचें अंतर घटलें, तेव्हां घुसावयास जागाहि घटली. शिवाय २१ लिटरांत शर्यत पुरी करावयाची तर थेंबाथेंबाचा हिशेब संगणकानें ठेवावा लागे; त्याच संगणकानें चाकाचें घसरणेंहि आंवरलें. स्वाराच्या मनगटांतली विद्या पेटींत गेली, आणि पेटी ज्याची उत्तम तो पुढें गेला. २००७ सालीं केसी स्टोनरनें डुकाटीवर दहा शर्यती जिंकल्या तेव्हां इंधनाच्या या कोड्याचें उत्तर त्याच्या कारखान्यास इतरांच्या आधीं सुटलें होतें, हें विसरून चालणार नाहीं. अर्थात् ती गाडी त्याच्याइतकी दुसऱ्या कोणास वश झाली नाहीं, हेंहि तितकेंच खरें.

येथें मी थोडें बेरीज-वजाबाकीचें काम केलें. २००७ पासून २०११ पर्यंत ८०० सीसीच्या एकंदर ८८ शर्यती झाल्या. त्यांपैकीं स्टोनरनें ३३ जिंकल्या, व्हालेंतिनो रोसीनें २१, होर्हे लोरेंझोनें १७ आणि डानी पेड्रोसानें १३. म्हणजे ८४ शर्यती चौघांच्या घरांत. उरलेल्या चार चार निरनिराळ्या स्वारांनीं एकेक जिंकल्या. पांच वर्षांत विजेते आठ! २००८ सालची लागुना सेकाची किंवा २००९ सालची कातालुन्याची शर्यत काढून कोणी मला खोटें पाडूं शकेल. त्या दोन शर्यती कोणत्याहि काळाच्या तोडीच्या आहेत. पण रोसीसारखा माणूस शेवटच्या वळणावर जीव ओवाळून टाकतो म्हणून नियम चांगला ठरत नाहीं. आणि ज्या सुरक्षिततेसाठीं हें सारें केलें, तिचा हिशेबहि जुळला नाहीं. २०११ च्या ऑक्टोबरांत सेपांगला मार्को सिमोन्चेल्ली पडला आणि मागून येणाऱ्या गाड्यांखालीं सांपडून गेला. सरळ रस्त्यावरचा वेग उतरवून असा अपघात टळण्यासारखा नव्हता.

२०१२ सालीं माप पुन्हां १००० झालें. सिलिंडर चारांहून अधिक नकोत, आणि सिलिंडराचा व्यास ८१ मिलिमीटरांहून अधिक नको. रंगत त्याबरोबर लगेच परतली असें नाहीं. ती परतली २०१६ सालीं, जेव्हां सर्वांना एकच संगणक व त्यांत एकच आज्ञावली सक्तीची झाली. त्याच वर्षीं टायरहि बदलले. त्या एका वर्षांत नऊ निरनिराळे स्वार जिंकले. पांच वर्षांत आठ, आणि एका वर्षांत नऊ! माप तर २०१५ सालींहि १००० च होतें. म्हणून मला वाटतें कीं शर्यतीची नाडी सीसीवर पाहणें चूक आहे. नव्या नियमानें कोणत्या विद्येचा भाव वाढतो, स्वाराच्या हाताचा कीं कारखान्याच्या तिजोरीचा, हें पाहावयास हवें.

याचा एक टोंकाचा प्रयोग आमच्या जिल्ह्यांतल्या यंत्रांवर झालेला आहे, आणि पुतण्याचा ऊर त्यानें सार्थपणें भरून येतो. बजाज व ऑस्ट्रियाची केटीएम यांची सोबत २००७ पासूनची. चाकणला तयार होणारी आरसी ३९० ही गाडी २०१४ सालीं जर्मनीच्या तरुण स्वारांच्या शर्यतीस व २०१५ सालीं अमेरिकेंतल्या तसल्याच शर्यतीस निवडली गेली. सर्वांना एकच गाडी, एकच इंजिन. पैशानें विकत घ्यावयास कांहीं उरत नाहीं. पोरांचा घोळका शेवटच्या फेरीपर्यंत फुटत नाहीं. पुढें ३०० सीसी नांवाच्या जागतिक वर्गांत निरनिराळ्या कंपन्यांच्या गाड्या एकत्र आल्या. त्यांचीं इंजिनें एका मापाचीं नव्हतीं, तेव्हां कोणाच्या इंजिनानें मिनिटास किती फेरे घ्यावे याची मर्यादा गाडीगणिक ठरवून तोल साधला. त्या वर्गांत २०१८ सालीं आना कारास्को ही स्पॅनिश मुलगी एका गुणानें विजयी झाली. एकट्या स्वाराच्या मोटारसायकल-शर्यतींत जगज्जेतेपद मिळविणारी ती पहिली स्त्री. तरीहि मी असें म्हणणार नाहीं कीं सर्वत्र एकच इंजिन करावें. मग साळिंदरहि गेलें, लंबगोल पिस्टनहि गेला. आणि चूक करण्याचें स्वातंत्र्य ज्या कारागिरास नाहीं त्याच्या हातून नवें कांहीं निघत नाहीं. माझ्या पुतण्याच्या पोटापाण्याचा प्रश्न आहे तो वेगळाच.

हें सर्व मीं पुढच्या भेटींत त्याच दुकानीं सांगितलें. माझें मत असें दिलें कीं, ८५० आणि २० लिटर हीं दोन कलमें वाचून मलाहि ८०० च्या दिवसांची आठवण होते आणि थोडी भीतीहि वाटते; पण पंख आखूड करण्याचें व उंचीच्या युक्त्या बंद करण्याचें कलम मला त्याहून मोलाचें वाटतें. पुढच्या गाडीच्या पंखांनीं ढवळलेली हवा मागच्यास लागते, त्याचें पुढचें चाक तापतें, आणि जवळ गेलेला स्वार पुढें जाऊं शकत नाहीं. ती भिंत उतरली तर लहान इंजिनाचा तोटा भरून निघेल.

पुतण्यानें शांतपणें ऐकून घेतलें. मग म्हणाला, "काका, पंख कापले तर इंजिनियर दुसरं काहीतरी काढतील. आम्ही तेच करतो." हें त्यानें माझ्याच इतिहासांतून उचललें होतें, त्यामुळें मला उत्तर सुचेना. तेव्हां पैज लागली. २०२७ च्या हंगामांत सहांहून कमी निरनिराळे विजेते झाले तर मीं त्याच्या सगळ्या मित्रमंडळीस भिगवणला चिलापीचें जेवण द्यावयाचें. सहा किंवा अधिक झाले तर त्यानें मला. मित्र आठ आहेत. मी शाकाहारी आहें, हें पैज लागल्यावर माझ्या लक्षांत आलें.